डॉक्टरच, पण गुरांची

मे महिना संपत आला की दर रविवारी आमच्या दुकानाच्या माडीवर सतरंजी पसरली जाते. खाली माझ्या नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे. मी कडा गावच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. बारावीनंतर मुलांना कुठं घालायचं, या प्रश्नानं ज्यांची झोप उडालेली असते असे आई-बाप आसपासच्या गावांतून या माडीवर येतात. सुरुवातीला नवरा म्हणायचा की दुकानातल्या गिऱ्हाइकापेक्षा वरचीच गर्दी जास्त. आता तो न सांगता पाण्याचा जार वर चढवून ठेवतो.

मला हे काम येतं, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही. कागदपत्रं कोणती लागतात, जातपडताळणीसाठी कधीपासून धावपळ करायची, पहिल्या फेरीत मिळालेली जागा धरून ठेवायची की पुढच्या फेरीची वाट बघायची, हे सगळं शिकता येतं. मीही चुकतमाकतच शिकले. खरं अवघड असतं ते वेगळंच. घरातलं मूल काय म्हणतंय, तेच घराला ऐकू येत नसतं. म्हणून माडीवर माझा एक नियम आहे. आधी मूल बोलणार. त्याचं बोलून होईपर्यंत आई-वडिलांनी मध्ये तोंड घालायचं नाही.

हा नियम सगळ्यात जड गेला तो आबांना. अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही तसंच म्हणते. बागायती जमीन, दारात गाडी, पंचायतीच्या राजकारणात वर्षानुवर्षं मुरलेले. सभेत माईक हातात आला की तो काढून घ्यायला माणूस पाठवावा लागतो, अशी त्यांची ख्याती. ते बायको आणि मुलीला घेऊन आले, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, पोरीला डॉक्टर करायचंय. आता रस्ता सांगा."

मी म्हटलं, "आबा, सांगते. आधी तिला बोलू द्या."

मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. बारावी झाल्यावर वर्षभर लातूरला क्लासला राहून तिनं पुन्हा 'नीट'ची परीक्षा दिली होती. मार्क वाढले होते, पण सरकारी एमबीबीएसला पुरतील इतके नव्हते. वर्गात खळखळून हसणारी ही मुलगी आता काही विचारलं की आधी बापाकडं बघायची. दोन वेळा तिनं तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा आबांनी तिचं वाक्य पुरं केलं. तिसऱ्या वेळी मी आबांना खाली जाऊन माझ्या नवऱ्याबरोबर चहा घ्यायची विनंती केली. ते हसले, पण गेले. पुढारी माणसाला मान ठेवून सांगितलं की ऐकतो, एवढं मला माहीत होतं.

मी तिला मार्कांचं काही विचारलं नाही. लातूरमध्ये अभ्यास सोडून काय केलं, एवढंच विचारलं. तिनं ओढणी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाली की हॉस्टेलच्या मागं एक डेअरी होती आणि संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन गाया बघायची. एक काळी गाय मागच्या पायानं लंगडायची. खुरात काहीतरी रुतलंय असं हिला वरूनच वाटायचं. शेवटी एके दिवशी ती खाली जाऊन डेअरीवाल्याला सांगून आली. खिळा निघाला. हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला की मला पुढं काही विचारावंच लागलं नाही.

"गुरांची डॉक्टर व्हायचंय का?" मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "पण पप्पांना कसं सांगायचं?"

तिचे मार्क पशुवैद्यकीयला पुरण्यासारखे होते. आबा चहा पिऊन वर आले तेव्हा मी सरळ सांगितलं. त्यांना आधी वाटलं, मी चेष्टा करतेय. मग ते म्हणाले की घरात गुरं लई हायेत, त्यांच्या मागं फिरायला शिकायची काय गरज? गावात आधीच सांगून झालंय की पोरगी डॉक्टर होणार. अजून एक वर्ष लातूर करू, खर्चाची काळजी न्हाई. मी म्हटलं, अजून एक वर्ष केलं तर मार्क थोडे वाढतील की नाही हे मला सांगता येणार नाही, पण ही मुलगी आणखी गप्प होईल हे मी आजच सांगते. पुन्हा पुन्हा परीक्षा देणारी मुलं मी जवळून बघितली आहेत. काहींना ते मानवतं. हिला मानवणारं नव्हतं.

आबांनी पुढं वाद घातला नाही, पण मान्यही केलं नाही. तेव्हा मी म्हटलं, न बघता नाही कशाला म्हणता? एकदा कॉलेज बघून या. ते म्हणाले, "मग तुमीबी चला."

आठवड्यात आम्ही निघालो. आबा गाडी चालवत होते, मी पुढं, मायलेकी मागं. आबांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं आणि त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी मनात तयार ठेवलं होतं. सरकारी नोकऱ्या, वसतिगृह, मुलींची संख्या, सगळं. वहिनींचा, म्हणजे आबांच्या बायकोचा, मी फारसा विचार केला नव्हता. माडीवर त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

कॉलेजच्या दवाखान्यात पोचलो तर एक अडलेली म्हैस टेंपोतून नुकतीच उतरवली होती. मालक घामाघूम. तपासणाऱ्या सरांनी सांगितलं की गर्भाशयाला पीळ पडलाय. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. आबा वसतिगृहाची चौकशी करायला ऑफिसकडं वळणार होते, पण वहिनी जागच्या हलल्या नाहीत. कामात असलेल्या सरांना त्यांनी तिथूनच विचारलं, "सर, आमची पोर ही अशी काटकुळी हाय. म्हैस अडली तर ही काय वढणार?"

मी तयार ठेवलेल्या उत्तरांत हे उत्तर नव्हतं. मानापमान, गाव, लग्न, यातलं काही वहिनींच्या मनात नव्हतंच. जन्मभर गोठा त्यांनी सांभाळला होता. हे काम काय असतं ते आमच्या सगळ्यांत त्यांनाच ठाऊक होतं, आणि लेकीला ते पेलेल का, एवढीच त्यांना शंका होती.

सर म्हणाले, "ताई, जरा थांबा, बघा."

विद्यार्थ्यांनी म्हशीला दोरानं अलगद आडवं पाडलं. त्यांत मुलीही होत्या. पोटावर एक लांब फळी ठेवली. सरांनी एका मुलीला बोलावलं, आमच्या पोरीइतकीच सडपातळ, आणि ती फळीवर उभी राहिली. बाकीच्यांनी पाय धरून म्हैस हळूहळू लोळवली. सरांनी खांद्यापर्यंत हात घालून तपासलं, मान हलवली. पुन्हा लोळवली. मग ते म्हणाले की सुटला पीळ. त्यानंतर ओढाताण अशी झालीच नाही. त्या मुलीनं रेडकाच्या पायांना दोरी बांधली आणि म्हैस कळ देईल तसतशी ती ओढत राहिली. रेडकू बाहेर आलं तेव्हा ते हालत नव्हतं. तिनं त्याचं नाक-तोंड पुसलं, छाती जोरजोरात चोळली, नाकपुडीत गवताची काडी घातली. ते शिंकलं.

मी जीवशास्त्र शिकवते, तरी माझ्या अंगावर काटा आला. आबा रुमालानं कपाळ पुसत होते. आमची मुलगी कधी कठड्याच्या आत गेली ते कुणाला कळलंही नव्हतं. ती म्हशीच्या डोक्याशी बसून तिची मान चोळत होती.

वहिनी कितीतरी वेळ त्या रेडकाकडं बघत राहिल्या.

परतताना आबांनी वाट थोडी वाकडी केली आणि नारायणगडावर गाडी नेली. कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा असला की ते तिथं जातात. दर्शन झाल्यावर आम्ही सावलीत बसलो. गावाला काय सांगायचं, हे आबांनी पुन्हा काढलं. मी उत्तर देणार, तेवढ्यात वहिनी बोलल्या.

"आपल्याकडं म्हैस अडली की चार गडी दोर लावून वढतेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "रेडकू हाती येतं ते मेलेलंच. मागल्या साली गायबी गेली. तवा कोन आलतं गावातलं? पोरीला हितंच घालायची."

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग मला विचारलं, "मॅडम, कागद कोणकोणते लागतील?"

पुढचं सगळं माझ्या हातातलं काम होतं. पसंतीक्रम मी मुलीलाच भरायला लावला आणि फक्त शेजारी बसले. पहिल्या फेरीत तिचं नाव आलं नाही. आबांनी लगेच फोन केला की बाहेरच्या राज्यात एक ओळखीचा माणूस जागा देतो म्हणतोय. मी म्हटलं, ओळखीनं जागा देणाऱ्याला आधी दारातूनच परत पाठवा, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत थांबा. हे मी जितक्या शांतपणे म्हटलं तितकीच मला खात्रीही होती. मागच्या वर्षांच्या याद्या मी उगाच वाचत नाही. दुसऱ्या फेरीत त्याच कॉलेजात जागा मिळाली.

पहिलं वर्ष तिला कठीण गेलं. हाडांची नावं पाठ होत नाहीत म्हणून तिचे रडवेले फोन यायचे. मी समजूत घालत बसायचे नाही. काय पाठ झालं तेवढं म्हणून दाखव, असं म्हणायचे. फोन संपेपर्यंत तिचा आवाज ठीक झालेला असायचा.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत आली की गोठ्यासमोर लोक जनावरं घेऊन उभे असतात. ती त्यांना आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा म्हणते, कारण अजून तिच्या हातात परवाना नाही, आणि याबाबतीत ती बापाचंही ऐकत नाही. गेल्या महिन्यात आबा दुकानात आले होते. लेकीला पुढं शस्त्रक्रिया या विषयात शिकायचंय, परीक्षा कुठली, जागा कुठं, हे त्यांनी मला विचारलं.

"ते मला माहीत नाही, आबा," मी म्हटलं. "तिला विचारा. ती सांगेल."

"तिनं सांगितलंय की सगळं," आबा म्हणाले. "मला वाटलं, एकदा तुमालाबी इचारावं."

मग ते नवऱ्याशी पिकापाण्याचं बोलत बसले.