दाराजवळची जागा

मंडळी, हा अनुभव लिहायला मी तसा लायक माणूस नाही. आमच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातले देव गाठोड्यात बांधून प्रवरेत सोडले. त्यांच्याबरोबर भुतंखेतंही वाहून गेली असं ते हसत सांगायचे. मीही त्याच घरात वाढलो. अंगात येणं, उतारे, अमावस्या… असलं कुणी सांगायला लागलं की मी चहा आणायला उठतो. तरी हे लिहितोय, कारण आता दुसरं काही करायचं उरलं नाही आणि हे एकच डोक्यातून जात नाही.

९५-९६ चा सुमार. नगर-मनमाड रस्त्यावर, कोल्हारपासून फार लांब नाही अशा ठिकाणी मी एका विद्यापीठात नोकरीला होतो. नाव लिहीत नाही, झाल्या प्रकाराशी विद्यापीठाचा काही संबंध नाही. माझ्या पदाचं नाव ‘आर्टिस्ट’. ऐकायला झकास! काम काय, तर शेतकऱ्यांसाठी तक्ते रंगवायचे. उसाची खोडकीड, कांद्यावरचा करपा, ज्वारीची खोडमाशी. जी.डी. आर्ट झालो तेव्हा व्यक्तिचित्रात माझा हात बरा होता, सर तर म्हणायचे की पोरा, तू माणसं काढ. पुढची पंधरा वर्षं मी अळ्या काढल्या. कुणी बळजबरी केली नव्हती. संध्याकाळी घरी गेल्यावर काढता आलं असतं, पण रोज वाटायचं, आज दमलोय, सवड झाली की बघू.

जानेवारीत तीन दिवसांचा कलामहोत्सव असायचा. एकांकिका, समूहगीतं, रांगोळी, चित्रप्रदर्शन आणि कार्यशाळा. त्या तीन दिवसांत ‘आर्टिस्ट’ या शब्दाचा अर्थ फार मोठा व्हायचा. बॅनर कुणी रंगवायचा? आर्टिस्टनं. पाहुण्यांच्या नावातली वेलांटी चुकली? आर्टिस्टला बोलवा. समई, मांडव, माइक, सगळीकडे मीच. त्यात त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, व्यक्तिचित्रणाची कार्यशाळा घेऊ या. घेणार कोण हे विचारायची गरजच नव्हती.

समोर बसायला मॉडेल म्हणून झुबकेदार मिशांचे एक निवृत्त शिपाई ठरवले होते. ते ऐनवेळी लेकीकडे कोपरगावला निघून गेले. मी हॉलच्या पायऱ्यांवर डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात कुंड्या घेऊन शेवंतामावशी आल्या. या आमच्या रोपवाटिकेत कामाला. साठीच्या, काळ्यासावळ्या, हाडं वर आलेला सुरेख चेहरा. माझी अडचण ऐकून म्हणाल्या, “म्या बसते की. बसायचंच हाय ना?”

“तीन दिवस बसावं लागेल मावशी. हलायचं नाही, बोलायचं नाही.”

“बसंन. पर माजं येक काम करा, भाऊ. बाकी काय बी नको मला.”

काम असं होतं. त्यांची एक मुलगी, कुसुम. बहात्तरच्या दुष्काळात मावशी खडी फोडायच्या कामावर होत्या, तिथे ती तापानं गेली. चार वर्षांची होती. फोटो नाही, काही नाही.

“तिचं तोंड आटवना झालंय मला,” मावशी म्हणाल्या. “येनी आटवती, झगा आटवतो. खांद्यावर मान टाकायची ते बी आटवतं. पर तोंड म्हनलं की समदं पुसाट हुतं. मानसं म्हनायची, माज्यावानीच हुती. तर तुमी माज्याकडं बगून तेवडं तिचं तोंड काडून द्या.”

मी म्हटलं, “काढतो ना. नक्की काढतो. शेवटच्या दिवशी, जरा सवड झाली की.” खोटं बोलत नव्हतो. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं की मी काढीन.

आता जागेचं नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लांबट हॉल, त्याला एकच दार. दोन बैठी टेबलं जोडून चौथरा केला, त्यावर खुर्ची आणि खुर्चीत दाराकडे पाठ करून मावशी. समोर अर्धवर्तुळात अकरा मुलंमुली, वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेली, चित्रकलेची फक्त हौस असलेली. मागे कुणालाच बसायचं नव्हतं, पाठीचं काय काढणार! माझा ईझल, म्हणजे कागद लावायचा स्टँड, मात्र मी तिथेच लावला, मावशींच्या पाठीमागे, दाराजवळ. मुलांना सांगितलं, “पाठमोरी आकृती सगळ्यात अवघड, ती मी काढून दाखवणार आहे.” खरं कारण तुम्हाला सांगायला हरकत नाही. तिथून कुणाच्या नकळत सटकता येत होतं.

मुलांना एकच नियम घालून दिला, जो आमच्या सरांनी आम्हाला दिला होता. जे दिसतं ते काढा, जे माहीत आहे ते काढू नका. डोळा, नाक, कान कसे असतात हे विसरा आणि फक्त बघा.

पहिला दिवस धावपळीतच गेला. मी आत यायचो, दोन मिनिटं उभा राहायचो, की कुणीतरी हाक मारायचं. एकदा पाहिलं तर मावशींनी डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरला होता. सुरुवातीला दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगितले होते. म्हटलं, “मावशी, हात सैल सोडा.” त्यांनी सोडला. परत आलो, तर हात पुन्हा तसाच. शेवगावची एक मुलगी होती, वर्षा, अगदी मन लावून काढणारी. ती म्हणाली, “राहू द्या ना सर. तसंच छान दिसतंय.” मला कुठे वाद घालायला वेळ होता? राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी एकांकिकांचा साउंडवाला आलाच नाही. मी फोनवर त्याच्या नावानं बोंबलत होतो, तेव्हा वर्षा हॉलबाहेर येऊन म्हणाली, “सर, एकट्या मावशींना काढायचं का दोघींना?”

मी रिसीव्हरवर हात ठेवला. प्रश्न कानावर पडला होता, डोक्यात शिरला नव्हता. “दिसतं ते काढा गं,” म्हटलं आणि पुन्हा साउंडवाल्याला धरलं. त्या दिवशी जाताना मावशींनी विचारलं, “उद्या ना, भाऊ?” मी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी चार वाजता कार्यशाळेतल्या चित्रांचं प्रदर्शन, उद्घाटनाला कुलगुरू. दुपारी दोनला मुलं जेवायला गेली, मावशी घरी लुगडं बदलायला गेल्या. मी पुठ्ठ्यावर माउंट करायला म्हणून चित्रं गोळा केली. तीन दिवसांत ती नीट पाहायला मला फुरसत झाली नव्हती.

पहिलं चित्र पाहिलं. मावशींच्या मांडीवर एक मूल. छातीशी बिलगलेलं, डाव्या खांद्यावर मान टाकलेलं, पाठीवर छोटी वेणी.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कार्टी चेष्टा करतायत. दुसरं पाहिलं, त्यातही तेच. तिसऱ्यातही. सगळी अकरा चित्रं फरशीवर मांडली, जो जिथे बसला होता त्या क्रमानं. मी चित्रकलेचा माणूस आहे हो, एकाचं बघून दुसऱ्यानं काढलेलं मला लगेच कळतं. ही तशी नव्हती. समोरच्यांना झग्याची मागची बटणं दिसली होती, त्यातलं एक तुटलेलं. उजवीकडच्यांच्या चित्रात उघडा पाय लोंबत होता. डावीकडच्यांच्या चित्रात दुसरा पाय होता, आणि त्यात वाळा. अगदी टोकाच्या मुलाला कान आणि गालाची जराशी कड, बस. ज्याला जिथून जेवढं दिसलं असतं, तेवढंच होतं.

मुलं जेवून आली तेव्हा मी ओरडलोच. “हा काय चावटपणा आहे? कुणाची आयडिया?”

ती एकमेकांकडे बघायला लागली. वर्षा रडवेली झाली. “सर, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हीच म्हणलात, दिसतं ते काढा.”

“कुठे होती मुलगी?”

“मावशींच्या मांडीवर,” कोपरगावचा एक मुलगा म्हणाला. “आम्हाला वाटलं नात हाय त्यांची. आम्ही यायच्या आत येऊन बसलेली असायची. लई शांत पोरगी, सर. आवाज न्हाई, काही न्हाई. नुसती दाराकडं बघत असायची.”

दारावर शिपाई होता, त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, तीन दिवसांत एकही लहान मूल आत गेलेलं नाही. मीही दिवसातून वीस वेळा त्याच दारातून आलो-गेलो होतो. मला मावशींची पाठ दिसायची. बाकी काही नाही.

तेवढ्यात मावशी आल्या. धुतलेलं हिरवं लुगडं नेसून, केस चापून चोपून बसवून. चित्रं लपवावीत असं मनात आलं, पण तोवर मुलांनी ती भिंतीला लावायला घेतली होती. मावशी पहिल्यापाशी थांबल्या, मग दुसऱ्यापाशी गेल्या. वाळ्याच्या चित्रावर त्यांनी बोट टेकवलं. “येकच हुता,” एवढंच म्हणाल्या. “दुसरा कामावर पडला, घावलाच न्हाई.” हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

अकराच्या अकरा बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आन् तोंड? तोंड कुनी काडलंय?”

मी पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलीचं तोंड मागे होतं, दाराकडे. ते ज्या एकाच जागेवरून दिसलं असतं, ती माझी जागा होती.

मावशी चालत माझ्या ईझलपाशी गेल्या. कागद तीन दिवस पिनांनी लावलेला होता. कोरा करकरीत.

“ह्यो कुनाचा?”

“माझा, मावशी. मला सवडच…”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. म्हणाल्या, “डावा हात लई भरून यायचा माजा. म्हनलं वय झालं. पर तुमी दारातून आत आलात ना भाऊ, की खांद्यावरचं वजं कमी व्हायचं. कुनी मान उचलावी तसं.”

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. मला स्वतःची लाज वाटली, एवढी कधी वाटली नव्हती. म्हटलं, “बसा मावशी. आत्ता काढतो, बसा.” त्या खुर्चीत बसल्या, हात तसाच कोपरात वाकवला. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. चारकोलची कांडी हातात घेतली आणि अनेक वर्षांनी अगदी जीव लावून बघू लागलो. अंबाडा दिसला, मान दिसली, लुगड्याचा रफू केलेला पदर दिसला. खांद्याच्या वर काही नव्हतं. मी बघत राहिलो. मुलांना विचारलं, “आता दिसते का?” वर्षानं नकारार्थी मान हलवली.

आणि बाहेरून हाक आली, “आर्टिस्ट साहेब, कुलगुरूंची गाडी आली!”

मंडळी, मी चारकोल खाली ठेवला आणि गेलो. हे लिहिताना आजही हात थांबतो. कुणी मला फाशी देणार नव्हतं, फीत कुणीही धरली असती. पण पंधरा वर्षांची सवय… पाय आपोआप चालू लागले.

फीत कापली गेली. “आई आणि मूल, अतिशय भावपूर्ण विषय निवडलात,” असं कुलगुरू म्हणाले. मी “हो सर” म्हणालो. पाहुणे चहाला वळल्यावर आत धावलो. खुर्ची रिकामी होती. मावशी ईझलपाशी उभ्या राहून माझ्या कागदाच्या पिना एकेक करून काढत होत्या.

“ती सगळी चित्रं घ्या मावशी,” मी म्हटलं. “मुलं आनंदानं देतील.”

“त्यात हाय ते मला आटवतंच की.” त्यांनी कोऱ्या कागदाची नीट गुंडाळी केली, पदराचा दोरा काढून बांधली. “ह्यो ऱ्हाऊ द्या माज्याजवळ. सवड झाली की या घरी, मंग काडा.”

मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार, असं त्या वेळी मनाशी म्हणायचो. पण खरं सांगायचं तर आधी मार्चची घाई होती, मग जूनमध्ये माझी बदली झाली. दोन-तीन वर्षांनी रोपवाटिकेत चौकशी केली, तेव्हा कळलं की मावशी काम सोडून भावाकडे गेल्या. कुठे, ते कुणाला सांगता आलं नाही.

अकरा मुलांपैकी कुणी पुढे भेटलं नाही. वर्षाचं चित्र तेवढं माझ्याजवळ आहे, तिनं जाताना हातात ठेवलं होतं. आता निवृत्त झालोय, सवडच सवड आहे. ते चित्र भिंतीला लावून रोज बसतो आणि त्या पाठमोऱ्या वेणीवरून, मानेवरून तोंड कसं असेल ते काढायचा प्रयत्न करतो. जमत नाही. जे दिसलं नाही ते काढता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल की मावशींनीच मुलांना सांगितलं असेल, किंवा वस्तीवरचं एखादं पोर खरंच आत आलं असेल. मीही हे सगळं म्हणून पाहिलंय. वाळ्यापाशी येऊन अडतो, तो फक्त डावीकडच्यांच्याच चित्रात होता. त्या अकरा चित्रांचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. बाराव्या कागदाचं आहे. मी जागेवर नव्हतो.