वहाळ, ओढा आणि मधला साकव

माझा स्वभाव उतावळा आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, मी जन्मालासुद्धा दीड महिना आधी आले, कारण मला आत बसवेना. त्यामुळे आमच्या साकवाची, म्हणजे पायी जायच्या पुलाची, गोष्ट सांगायला घेतली की शेवटच आधी तोंडावर येतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्याचा भुगा होतो. आज मात्र ओळीने सांगायचं ठरवलं आहे.

घाटकोपरच्या टेकडीवर आमची वस्ती. बहुतेक घरं कोकणातली. आजोबांची पिढी गिरणीत होती, आता कोणी कुरियरमध्ये, कोणी हॉस्पिटलात, कोणी माझ्यासारखं साकीनाक्याच्या ऑफिसात बिलं करतं. वस्ती संपते तिथे एक नाला आहे. नाल्यापलीकडे साकीनाक्याच्या अंगाची वस्ती. तिथे बहुतेक बौद्ध घरं, सातारा-सोलापूरकडून आलेली. नाला असेल दहा-बारा पावलांचा. पण पालिकेच्या नकाशात दोन वॉर्डांची हद्द बरोबर याच्या मधोमध जाते. त्यामुळे आमचं पाणी सकाळी, त्यांचं दुपारी. आमची कचऱ्याची गाडी एका दिवशी, त्यांची दुसऱ्या. काही बिघडलं की दोन्हीकडची माणसं बोट दाखवायची ते नाल्यापलीकडे.

नाल्यावर पूर्वी लोखंडी पत्र्याचा एक पूल होता. दोन वर्षांपूर्वी तो धोकादायक म्हणून काढला. ते बरोबरच होतं, चालताना पत्र्याच्या भोकांतून खालचं पाणी दिसायचं. प्रश्न होता तो नव्याचा. पलीकडे जायचं तर आमच्या शंभरेक पायऱ्या उतरा, मोठ्या रस्त्याने वळसा घाला आणि त्यांच्या गल्लीने पुन्हा वर चढा. अर्धा तास कुठे गेला नाही. त्यांच्या बाजूला निदान नाल्यापर्यंत रिक्षा येते. आमच्याकडे पायऱ्यांशिवाय दुसरी वाट नाही.

यात खरी अडकली ती माझी आई. तिच्या गुडघ्यांनी पायऱ्यांशी केव्हाच फारकत घेतली होती. पूल गेल्यापासून ती टेकडीवरून एकदाही खाली उतरली नव्हती. आणि तिची सगळ्यात जवळची मैत्रीण नाल्यापलीकडे राहायची. दोघींनी साकीनाक्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं एका बाकावर बसून बॉलपेनांत स्प्रिंगा भरल्या. आई तिला घाटीण म्हणायची, ती आईला मासेखाऊ. काम सुटलं तरी पाचचा चहा सुटला नाही. एक दिवस आमच्याकडे, एक दिवस तिच्याकडे. मैत्रिणीला दमा, तिला आमच्या पायऱ्या चढवत नसत. पूल गेला आणि चहाही गेला. दोघी पाच वाजता आपापल्या काठावर यायच्या आणि नाल्यावरून ओरडून बोलायच्या. कोणाच्या सुनेने काय केलं हे दोन्ही वॉर्डांना फुकट कळायचं. मी म्हटलं, मोबाइल आहे ना हातात. आई म्हणाली, त्यातून चहा येत नाही.

पुलासाठी आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीकाकांनी अर्ज केला होता, पलीकडच्या विहार समितीनेही केला होता. दोन्ही अर्ज परत आले. आमच्याकडे सगळ्यांची खात्री, की पलीकडचे मोडता घालतात. त्यांच्याकडे तेच आमच्याबद्दल. मीसुद्धा काकांच्या ओट्यावर बसून त्या लोकांना चार शब्द सुनावले होते. आज आठवलं की कान गरम होतात.

मग एका संध्याकाळी पाच वाजता मैत्रीण पलीकडून ओरडली, की आमचा पुलाचा अर्ज पुन्हा परत आला, या नावाचा ओढा नोंदीत सापडत नाही म्हणतात.

आई कठड्याला धरून उभी होती. ती ओरडली, "गो, आमकां पण तसांच लिवन इलां. वहाळ गावलो नाय म्हणान."

"वहाळ म्हंजी काय गं?"

"ह्योच तो. तुझ्या पायाकडचो."

"आगं, ह्यो तर ओढा हाय."

मी घरात भाजी चिरत होते, ती तशीच टाकून धावले. दोन्हीकडचे अर्ज मोबाइलवर मागवले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोजच्या बोलण्यात आम्ही सगळे त्याला नालाच म्हणतो. पण अर्जात 'नाला' लिहायला कोणाचा हात धजला नव्हता. नाल्याकाठचे लोक, हे ऐकून ऐकून दोन्ही वस्त्या विटल्या आहेत. मुलगी बघायला आलेले लोकही आधी नाकाला रुमाल लावतात. म्हणून काकांनी गावच्या ग्रामपंचायतीत लिहितात तसं सुरेख लिहिलं होतं, 'वहाळावरील साकव'. पलीकडच्यांनी आपल्या गावाकडचा शब्द काढला होता, 'ओढ्यावरील पूल'. दोन वॉर्डांकडे दोन जागांवरच्या दोन कामांचे अर्ज गेले आणि दोन्ही ठिकाणी नोंदवहीत फक्त नाला होता. अब्रू राखायला गेलो आणि पत्ताच हरवून बसलो.

मला इतका आनंद झाला की मी काठावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. भांडण नव्हतंच. कोणी कोणाला आडवं गेलंच नव्हतं.

त्याच रविवारी सभा ठरली. कुठे घ्यायची, यावर वाद होण्याआधीच पलीकडच्या समितीच्या अध्यक्ष, शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, म्हणाल्या की दोन्ही काठांवर बसू. आमच्याकडून गणपतीचा लाउडस्पीकर निघाला, त्यांच्याकडून जयंतीचा. एक बोलला की दुसऱ्यातून शिट्टी वाजायची. तरी अशी झकास सभा मी आयुष्यात पाहिली नाही. बाई म्हणाल्या, एकच अर्ज करू, दोन्ही वॉर्डांना एकच कागद, डावीकडे तुमच्या सह्या, उजवीकडे आमच्या. आणि नाला म्हणायचं. काका अडून बसले. नाला एक वेळ चालेल, पण साकव सोडणार नाही, पूल गाड्यांचा असतो, माणसांचा तो साकव. बाई हसल्या आणि माइकवर म्हणाल्या, "काका, तुमचा साकव राहू द्या, आमचा पूलही राहू द्या. पाय तर दोघांचेच पडणार आहेत ना?"

शेवटी लिहिलं, 'नाल्यावरील पादचारी पूल म्हणजेच साकव'. सह्यांसाठी तो कागद घेऊन मी एका दिवसात तीनदा पूर्ण वळसा मारला. पायांची वाट लागली, पण रात्री झोप आली नाही ती दुखण्याने नव्हे, आनंदाने.

कागद एक झाल्यावर दोन्ही वॉर्डांनाही एकत्र यावं लागलं. एका सकाळी आमच्या काठावर आमचे इंजिनिअर, त्यांच्या काठावर त्यांचे, आणि मोजायची टेप एकच. आमच्या साहेबांनी टेपच्या टोकाला दगड बांधून पलीकडे भिरकावला. तो पडला नेमका मैत्रिणीच्या दारात. तिने पदर खोचला, टोक उचललं आणि तिथल्या साहेबांच्या हातात न देता स्वतःच घट्ट धरून उभी राहिली. या टोकाला आई. दोघींच्या मध्ये पिवळी टेप ताणलेली, नाल्याच्या वर. दोन वर्षांत या काठावरून त्या काठाला थेट पोहोचलेली ती पहिली वस्तू होती. ठरलं असं, की दोन्हीकडचे खांब आमचा वॉर्ड बांधेल आणि वरचा सांगाडा त्यांचा.

काम सुरू झालं आणि मैत्रिणीचा मला फोन आला. तिची चाळ पाडून नवी इमारत बांधणार होते. मुलाने कांजूरमार्गला घर भाड्याने बघितलं होतं, दिवाळी झाली की जायचं. आईला एवढ्यात सांगू नको, म्हणाली. माझ्या पोटात ते दोन दिवससुद्धा राहिलं नाही. आई तांदूळ निवडत होती. तिने एवढंच विचारलं, "साकव कधी होतलो?"

त्या दिवसापासून मी त्या कामाच्या मागे हात धुऊन लागले. रोज ऑफिसला जायच्या आधी काठावर जाऊन मुकादमाला किती राहिलं ते विचारायचे. तो मला बघून हेल्मेट डोळ्यांवर ओढायला लागला. आमच्या बायका गवंड्यांना घावणे द्यायच्या, पलीकडच्या झुणका-भाकर. मुकादम कबूल करायचा नाही, पण जेवणाच्या वेळेला तो कुठल्या काठावर असेल हे त्या दिवशी कोणाकडे काय शिजलंय त्यावर ठरायचं. दिवाळीत खांब उभे राहिले, दिवाळीनंतर सांगाडा आला, मग कठडे आणि निळा रंग.

आणि मग दोन फिती लागल्या. प्रत्येक वॉर्डाला उद्घाटन आपल्या बाजूने हवं होतं. तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरणार होती. मैत्रिणीचा टेम्पो रविवारी येणार होता. शुक्रवार उजाडला तरी तारखेचा पत्ता नाही. मी काकांवर भडकले, पलीकडे बाईंना फोन करून त्यांच्यावरही भडकले. त्या बिचाऱ्या दोन दिवस त्याचसाठी खेपा घालत होत्या.

शुक्रवारी पाचला दहा मिनिटं असताना आईने गौरीला नेसते ती साडी नेसली, काठी घेतली आणि निघाली. फितीपाशी सेक्रेटरीकाका खुर्ची टाकून राखण करत बसले होते. नियमाचे इतके पक्के, की मंडळाच्या आरतीलाही उशीर झाला तर आत घेत नाहीत. त्यांनी आईकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही. आई वाकली आणि फितीखालून गेली. पलीकडची फीत बाईंनी दोन्ही हातांनी वर उचलून धरली होती.

मधोमध आई थांबली. "हद्द खंय ती?" असं मला विचारलं. मी पायाखाली दाखवली. तिने काठीने तिथे एकदा ठोकलं आणि पुढे चालायला लागली. समोर मैत्रीण उभी होती, हातात किटली. दोघींनी मिठी वगैरे काही मारली नाही. मैत्रीण म्हणाली, "लई उशीर केलास गं मासेखाऊ, दोन वर्सं झाली चहा टाकून." मी कठडा धरून रडले. रंग ओला होता, माझे दोन्ही तळवे निळे झाले.

रविवारी टेम्पो गेला. पुलावर दोन्ही वस्त्या उभ्या होत्या, त्यामुळे पूल किती वजन पेलतो तेही कळलं. उद्घाटन पुढच्या आठवड्यात रीतसर झालं, दोन्ही फिती कापल्या, पेढे वाटले.

आई आठवडाभर पाच वाजता काठावर फिरकलीच नाही. मला वाटलं, सगळी धडपड एका चहासाठी झाली. पण पुढच्या गुरुवारी तिने पुन्हा तीच साडी काढली. पुलापलीकडे रिक्षा मिळते, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या आलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा आई टेकडीवरून खाली उतरली आणि एकटी कांजूरमार्गला जाऊन आली. मी दर दहा मिनिटांनी फोन करत होते, तिने एकही उचलला नाही.

संध्याकाळी परत आली, पाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, मैत्रिणीचं घर छान आहे, वारा येतो. पण बाजार समोर दिसतो आणि तिला लांबून वळसा घालावा लागतो, दम लागतो.

"थंय पण एक वहाळ आसा. साकव नाय."

मी विचारलं, "आणि वॉर्डाची हद्द?"

"मधोमध," आई म्हणाली. "कागद काढ. आणि ह्या वेळेक नालो म्हणानच लिव."