मोबाईलमधला माझा आवाज

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आवाज मात्र चाळिशीतला. शाळा चौथीत सुटली ती सुटली, पण वडवणीच्या बाजारात आडतीवर मी आयुष्यभर लिलाव पुकारला. माझा पुकारा शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जायचा. ही फुशारकी नाही, विचारा कुणालाही.

बायकोची नजर काचबिंदूनं गेली. तरी तिचा हट्ट, चकलांब्याला दिलेल्या बहिणीशी फोनवर आपलं आपण बोलायचं. कुणी नंबर लावून द्यायचा, कुणी सांगायचं कुणाचा फोन आलाय, हे तिला चालत नव्हतं. नजर नसलेल्या माणसाला पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम असतो. तो सुनेनं तिच्या मोबाईलात घातला. पण त्यातला आवाज असा, की मराठी बोलतोय का आणखी काही, तेच कळेना. 'एकोणसाठ' म्हणायचं तर चूळ भरल्यागत म्हणायचा.

बायको म्हणाली, "ह्यो कोण मुडदा नाकात बोलायलाय? याच्यापरीस तुमीच बोला की."

सून घरी बसूनच कॉम्प्युटरवर काम करते. ती म्हणाली, "मामा, हा प्रोग्राम सगळ्यांसाठी उघडा आहे. त्याचं आतलं लिखाण कुणीही वाचावं, सुधारावं. आपण त्यात तुमचा आवाज घालू."

मग मी बसलो. आकडे, वार, नात्यागोत्यातली नावं, 'फोन आलाय', 'फोन कट झाला', सगळं बोललो. सुनेनं ते धुऊनपुसून, बारीक करून त्याची एक फाईल केली. बायकोच्या मोबाईलातून मी बोलायला लागलो. घरात मी काही म्हटलं की ती म्हणायची, "तुमी गप बसा, मला ह्यांचं आयकू द्या."

दिवाळीनंतर त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आपोआप मोबाईलात उतरली आणि माझा आवाज पुसून गेला. सून तेव्हा माहेरी होती, मी रानात. चकलांब्याची बहीण आजारी पडलेली. तिचे फोन वाजून वाजून बंद झाले, आणि त्या जुन्या नाकातल्या आवाजात ते कुणाचे, उचलायचे कसे, हे हिला कळलंच नाही. बहीण बरी झाली, पण हिच्या मनाला ते लागलं.

सुनेनं येऊन आवाज परत घातला. म्हणाली, "प्रत्येक नव्या आवृत्तीला हे असंच होणार. आपली फाईल मूळ प्रोग्राममध्येच गेली तर भीती नाही. शिवाय दुसऱ्या आजीबायांनाही ती मिळेल." तिनं फाईल पाठवून दिली.

तो प्रोग्राम सांभाळणारा माणूस कुठल्या तरी दूरच्या देशातला. त्याचं उत्तर सुनेनं वाचून सांगितलं. म्हणे, लिहिलेल्या ओळी आम्ही वाचून बघतो. ही बनूनच आलेली फाईल वाचता येत नाही. आत काय आहे, कशी बनली, दिसत नाही. मूळ रेकॉर्डिंग द्या, फाईल बनवायची कृती द्या, म्हणजे कुणालाही ती पुन्हा बनवता येईल. मगच घेऊ.

"मग दे की मूळ," मी म्हणालो.

सून खाली बघत म्हणाली, "मामा, जागा भरली म्हणून मी ते काढून टाकलं. पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागेल."

माझं डोकं फिरलं. "एकदा पुकारलेला माल मी पुन्हा पुकारत न्हाई. आन् त्याला काय वाटतंय, मी आत शिव्या भरल्यात? सांग त्याला, नको तर नको."

"ते सगळ्यांनाच असं म्हणतात, मामा."

"सगळ्यांना म्हणू दे. मला कावून म्हणतो?"

संध्याकाळी बायको ओट्यावर लसूण सोलत होती. म्हणाली, "अवं, तुमी तोंड शिवलेलं पोतं पुकारत व्हते का?"

"न्हाई."

"कावून?"

उत्तर तिला माहीत होतं. एकदा एका बड्या आडत्यानं मला सांगितलं होतं, माल चांगलाच आहे, पोती न बघता पुकार. पोत्यात खुपसून मूठभर दाणे काढायची परखी मी त्याच्या पुढ्यात टाकली आणि घरी निघून आलो. ही गोष्ट मीच तिला इतक्यांदा सांगितलेली, की तिला पाठ झालेली.

"तो आडत्या बी असाच फुगला आसंल," ती म्हणाली.

"म्हंजे मी अन् तो एकच का गं?"

"तुमचा माल चांगला हाय, मला ठावं हाय. त्या बाप्याला कसं ठावं व्हईल? उंद्या सून माहेरी गेली, की मी पुन्हा फोन हातात धरून बसायची. वाजतो तवर वाजतो."

ती सोलतच राहिली. रडली असती तर मी चिडलो असतो.

लगेच सुनेला हाक मारली नाही. इतक्या लवकर कोण माघार घेतो? जेवताना विचारलं, "ती कृती कोण लिहिणार?"

"मी लिहीन, मामा."

"आन् या वेळी मूळ ठेवणार का?"

"दोन जागी ठेवीन."

"तीन जागी ठेव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेतला नाही, चहानं घसा चिकट होतो. कोमट पाणी प्यालो. शेजारच्या गिरणीवाल्याला जाऊन सांगितलं, मी सांगेपर्यंत पट्टा चढवायचा नाही. मग धान्याच्या खोलीत चारी बाजूंनी वाकळा टांगून सुनेच्या मोबाईलपुढं बसलो. बायको दाराशी येऊन बसली. म्हणाली, "सावकाश बोला. हितं लिलाव न्हाई."

मी खाकरलो आणि एकपासून सुरुवात केली.