सव्वा इंचाचा प्रवास

अनय, ईरा,

सिंगापूर ते क्वालालंपूर हे अंतर माझ्या ॲटलासमध्ये बरोबर सव्वा इंच आहे. कोलकात्याच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईने मोजलंय, तेव्हा वाद नको.

त्या वर्षी आम्ही सिंगापूरला अनयकडे होतो आणि क्वालालंपूरला ईराचा पाचवा वाढदिवस होता. "आजीने ओवाळल्याशिवाय मी केक कापणार नाही," असं ईराने फोनवर जाहीर केलं होतं. (केक आइस्क्रीमचा आहे, हे मला कुणी सांगितलं नाही!)

"आई, विमानाने जा. तासाभराचं तर अंतर," अनयचे बाबा म्हणाले.

"आणि दोन तास आधी विमानतळावर जाऊन बसायचं, ते? उतरल्यावर शहर गाठायला आणखी एक तास, तो? बस पाच तासांत पोचते!"

मी तर नकाशावर दोरा ठेवून रस्त्याची वळणंही मोजली. विमानाची रेघ आणि रस्ता यांत नखाएवढा फरक! नऊला निघायचं, दोनला पोचायचं, चारला ओवाळायचं. कागदावर लिहून ठेवलं.

निघून अर्धा तास झाला नाही तोच बस थांबली. सगळे उतरू लागले.

"चहाला थांबली वाटतं," मी म्हणाले.

"चहा नाही गं, सीमा आली. पासपोर्ट काढ," आजोबा म्हणाले. "व्यवस्थित ठेवलेत ना?"

"अगदी व्यवस्थित!"

बाळांनो, माझ्या लेखी पासपोर्ट ही विमानतळावर लागणारी वस्तू. आम्ही रस्त्याने निघालो की फार तर हावड्याला जातो, आणि पूल ओलांडताना कुणी शिक्का मारत नाही! त्यामुळे पासपोर्ट फायलीत, फाईल माझ्या साड्यांखाली, साड्या मोठ्या बॅगेत, आणि बॅग बसच्या पोटात, सगळ्यांच्या सामानामागे.

ड्रायव्हर बिचारा गुडघ्यांवर आत शिरला. मग फुटपाथवर बॅग उघडली. आजोबा दोन्ही हातांवर माझ्या नऊ साड्या घेऊन उभे, दोरीवर वाळत घातल्यासारखे! पासपोर्ट सापडले, पण बस तोवर थांबणार नव्हती. "आंटी, मागच्या बसने या," म्हणून ड्रायव्हर गेला.

मागची बस चार तासांनी आली. पलीकडच्या तपासणीत अधिकाऱ्याने डबा उघडून विचारलं, "हे काय?" निरांजन आणि वाती. इंग्रजीत समजावणं जमेना, म्हणून मी त्याला ओवाळूनच दाखवलं. त्याने नकळत मान खाली केली!

"आता अक्षता टाकू नकोस," आजोबा कुजबुजले.

चार वाजून गेले, बस अजून रस्त्यातच, आणि ईराचा फोन. "आजी, लवकर ये. केक रडतोय."



पोचलो तेव्हा सात वाजले होते. ताटलीत गुलाबी तळं, त्यात आडव्या पडलेल्या पाच मेणबत्त्या. आणि ईरा? नवा फ्रॉक घालून पाटावर ताठ बसलेली. चार वाजल्यापासून!

"मी नाही कापला, आजी," ती म्हणाली. "तो स्वतःच संपला."

मी ओवाळलं. मग आम्ही सगळ्यांनी केक वाटीतून चमच्याने खाल्ला.

"सिंगापूर किती लांब आहे?" ईराने विचारलं.

"विमानाने एक तास, बसने पाच," आजोबा म्हणाले, "आणि तुझ्या आजीबरोबर दहा."

हसा, खुशाल हसा. पण तेव्हापासून मी सुधारले आहे. आता कोलकात्याजवळच्या बजबजची लोकल पकडायची असली, तरी पासपोर्ट पर्समध्ये घेऊनच निघते.

तुमची आजी