टाकीतलं पाणी

आमचे दाजी हेल्मेटांवर वाघ काढायचे. एअरब्रशने, केसाएवढ्या बारीक रेषेत. त्या उजव्या हातावर माझ्या ताईचं घर चालायचं. माणूस मात्र जमदग्नी. पुसताना माझ्या हातून ब्रशची सुई वाकली, तर तिशी उलटलेल्या मला त्यांनी गिऱ्हाइकासमोर सणसणीत थोबाडीत लगावली.

"मेव्हण्या, ही सुई आहे, दात कोरायची काडी नव्हे!"

त्यांचे नियम दोनच. ब्रशच्या हवेचा काटा पंचविसाच्या वर न्यायचा नाही. आणि काम संपलं, की ब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीखालची तोटी उघडून साठलेलं पाणी काढायचं, नाहीतर टाकी आतून गंजते. पाणी काढणं माझ्याकडे होतं. थोबाडीत खाल्ल्यापासून मी ते वर्षभर काढलंच नाही. मशीन बिघडलं की दाजींची जिरेल, एवढीच माझी अक्कल.

एका दुपारी दाजी जेवायला गेले आणि टाकी भरूनही कॉम्प्रेसर आपोआप बंद होईना. जादा हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुसफुसत होता. मी एका हेल्मेटाची किनार रंगवत होतो, ती रेष हलायला लागली. मी व्हॉल्व्हला तारेचे चार पीळ मारले आणि त्याचं तोंड बंद केलं.

दाजी आले, तार पाहिली आणि किंचाळले, "हरामखोरा, बाहेर हो!"

मला वाटलं, कामावरून हाकलतायत. मी पाना उचलून त्यांच्या खांद्यावर हाणला. त्यांनी माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं, पोटात लाथ घालून दाराबाहेर फेकलं. मग ते एकटेच मशीन बंद करायला बटणाकडे धावले.

टाकी फुटली. फाटलेल्या पत्र्याने त्यांचा उजवा हात कोपरापासून उडवला. फरशीवर गंजाचं तांबडं पाणी आणि रक्त एकत्र वाहत होतं, आणि मी दारात पोट धरून नुसता ओरडत होतो.

दवाखान्यात ताईने विचारलं, "तार कुणी बांधली?"

"मीच," दाजी म्हणाले. "घाई होती."

आता वाघ मी काढतो. दाजी म्हणतात, यांच्यापेक्षा मांजरं बरी. पाणी मी रोज काढतो. काल माझ्या हातून पुन्हा सुई वाकली. मी गाल पुढे केला. सवयीने त्यांचा उजवा खांदा उठला, बाही हवेत लोंबकळली आणि खाली आली. त्याहून थोबाडीत खाल्लेली परवडली असती. ताईला मात्र अजून काही माहीत नाही.