हात मांडीखाली!

मावशींच्या होडीत मी पहिलं पाऊल टाकलं ते थेट त्यांच्या जेवणाच्या डब्यात. झाकण उघडं होतं. चूक सर्वस्वी माझी. धक्क्यावरून होडीत उतरताना माणसाने पायाखाली बघावं; मी आभाळातली घार बघत होतो. बूट टाचेसकट भातात रुतला. मावशींनी आधी डब्याकडे पाहिलं, मग बुटाकडे, मग माझ्याकडे. या तिन्हींत फेकून देण्यालायक काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"असू द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "घार वर असते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तुम्ही दाखवलीत म्हणून कळलं."

त्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत उपाशी राहिल्या. मला राहवेना. पुढच्या आठवड्यात बायकोकडून डबा करून घेऊन गेलो. मावशींनी एक घास खाल्ला, डबा बंद केला आणि म्हणाल्या, "बाईंना सांगा, मीठ बाजारात मिळतं." तेव्हापासून आमचे संबंध घरोब्याचे आहेत.

मावशींचे वडील याच होडीतून माणसं पैलतीरी पोचवायचे. पुढे पूल झाला आणि होडीत कुणी बसेना. बापाच्या पाठी मावशींनी होडीला इंजिन बसवलं, बाकं ठोकली आणि नदीतले प्राणी दाखवायचा धंदा काढला. जी नदी कधी एकदाची ओलांडून होते असं लोकांना व्हायचं, तीच नदी बघायला लोक रांग लावू लागले. मनुष्यजातीच्या अकलेवरचा मावशींचा उरलासुरला विश्वास तेव्हाच उडाला.

ऑफिस म्हणजे धक्क्यावरची पत्र्याची खोली. एक टेबल, एक डुगडुगणारं बाकडं, आणि खिळ्यांवर लटकलेली, उन्हाने विटलेली लाइफ जॅकेटं. दारावरच्या पाटीवर रंगाऱ्याने 'नदीदर्शन : पशू व पक्षी' असं लिहिलंय. त्याखाली मावशींनी खडूने भर घातलीय : 'दिसले तर.'

होडीत बसलं की पहिला हुकूम सुटतो, "हात मांडीखाली!" वय, हुद्दा, काही बघितलं जात नाही. निवृत्त न्यायाधीशसुद्धा मी त्या बाकावर शाळकरी पोरासारखे हातांवर बसलेले पाहिलेत. कारण माणसाला काही दिसलं की तो हात लांब करून बोट दाखवतो, आणि हात हलला की काठावरचं जनावर पाण्यात जातं. वळण आलं की मावशी इंजिन बंद करतात. होडी आपसूक प्रवाहाबरोबर वाहू लागते. मग ओठ न हलवल्यासारखं करून त्या म्हणतात, "डावीकडे. वाकलेल्या झाडाखाली. पाणमांजर. ओरडलात तर उतरवीन."

"मावशी, मगर किती वाजता येते?" एका बाईंनी विचारलं होतं.

"आंघोळ झाली की निघते म्हणालीय."

"चावते का हो?"

"चवीचं माणूस असेल तर."

आणि हे 'मावशी' सगळ्यांच्या तोंडी असलं, तरी त्यांना ते मुळीच खपत नाही. "माझ्या बहिणीला एवढी पोरं असती तर तिने जीव दिला असता," असं त्या तोंडावर सांगतात.

फोन घेते ती त्यांची सून. ती गोड. "हो सर, नक्की या सर, पुष्कळ काही दिसतं सर," असं तिचं चाललेलं असतं, आणि मागून मावशी ओरडतात, "चिखल दिसतो म्हणावं!" तरी दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही.

यंदा मात्र सुनेचा गोड आवाजही कामी येईना. वरच्या अंगाला दोन मोठ्या, गाणी लावणाऱ्या बोटी आल्या आणि मावशींच्या होडीला आठवड्यातून दोनच फेऱ्या उरल्या. अशात पुलापलीकडच्या नव्या हॉटेलचा मॅनेजर आला. रोजचे पाहुणे तुमच्याकडेच पाठवतो म्हणाला. अट एकच : आधी त्याला स्वतःला मगर दिसली पाहिजे.

"आई, हे गेलं तर होडी विकायची वेळ येईल," सून म्हणाली. "एक दिवस तोंड आवरा. आणि साहेब, तुम्हीही चला. त्यांच्या जिभेवर लक्ष ठेवायला माणूस हवा."

ठरल्या दिवशी मॅनेजर आला तो पांढऱ्या बुटांत, अंगावर अख्खी बाटली अत्तर ओतून. होडीत बसल्या बसल्या त्याने पाहुण्यांसाठी होडीला झालर लावता येईल का, असं विचारलं. मावशींनी सुनेकडे पाहिलं आणि फक्त म्हणाल्या, "हात मांडीखाली." त्याने हसून फोन काढला. "अगदी जवळ न्या हं. काठाला लावून उतरता आलं तर उत्तमच, सेल्फी हवा."

नदी पुढे दोन फाट्यांत विभागते. डाव्या फाट्याला वाळूचा उंचवटा आहे. गेले दोन महिने ऊन खात पसरलेली मगर मी स्वतः तिथे पाहिली होती. फाटा जवळ आला. लांबूनच मला मगर सरपटत गेल्याची ओली खूण वाळूवर दिसली. मावशींना दिसली नसेल हे शक्यच नव्हतं. सुनेने माझा दंड घट्ट धरला.

मावशींनी होडी उजवीकडे वळवली.

उजव्या फाट्यात दोन तासांत एक पाणकावळा दिसला, तोही पाठमोरा. मॅनेजरने घड्याळ पाहिलं, जांभई दिली. मग "इथे काही नाहीच की," म्हणाला. मावशी चक्क "नाही," एवढंच म्हणाल्या. इतकं सभ्य बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. धक्क्यावर उतरताना त्याने बूट रुमालाने पुसले आणि "गाण्याच्या बोटीवाल्यांशी बोलतो," म्हणून गाडीत बसला. सून तडक ऑफिसात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

मावशी दोरी खुंटीला गुंडाळत होत्या. माझा पारा चढला.

"मावशी, कमाल केलीत! होडी विकायची पाळी आलीय, पोर आत रडतेय. मगर डावीकडे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग का नाही नेलंत?"

त्यांनी गाठ ओढून घट्ट केली.

"अंडी राखत बसलीय ती, बाळंतिणीला बघायला असलं ध्यान घेऊन जातं का कुणी?"