औषध पाजून आणलेली मुले

आरोग्य मोठ्या समारंभाने येत नाही. क्षुद्र वाटणाऱ्या नित्यकर्मांतून ते कणाकणाने साचत जाते. ही श्रद्धा जिच्या हाडीमाशी खिळलेली मी पाहिली, ती बाई आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर पाळणाघर चालवते. लहानथोर तिला मावशी म्हणतात. स्वभाव मात्र त्या संबोधनाइतका मऊ नाही.

तिच्या दाराशी, मोठ्यांच्या गुडघ्याला लागेल असे एक बुटके बेसिन आहे. ते बसवताना प्लंबर कुरकुरला होता. ‘‘इथे हात धुवायला माणूस वाकेल का रांगेल?’’ असे त्याने विचारले, तेव्हा ‘‘रांगणाऱ्यांसाठीच आहे,’’ असे उत्तर त्याला मिळाले. आत येणाऱ्या बालकाने प्रथम साबणाने हात धुवावेत, खोकताना कोपर तोंडाशी न्यावे, दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावू नये आणि दुपारी उघड्या खिडकीच्या खोलीत झोपावे, एवढाच तिचा आचारधर्म. तो पाळला जातो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ‘शेठ’ या नावाने ख्यातनाम असलेले एक गुबगुबीत चिरंजीव बोटांची टोके पाण्याला नुसती दाखवतात आणि सदऱ्याला पुसतात.

‘‘शेठ, साबण लावला?’’

‘‘लावला.’’

‘‘कोणाला? नळाला?’’

मुलांनी मावशी थकत नाही. तिला जेरीस आणतात ते आईबाप. घरून निघताना पोराला तापाचे गुलाबी औषध पाजायचे, दाराशी थंड कपाळ पुढे करायचे आणि सटकायचे, ही त्यांची विद्या. दुपारच्या जेवणापर्यंत औषध उतरते, मूल तव्यासारखे तापते, आणि वडिलांचा फोन नेमका तेव्हाच बंद असतो. म्हणून मावशी दाराशी प्रत्येक मुलाचे तोंड हुंगते. त्या औषधाचा गोडसर वास सहसा लपत नाही.

गेल्या महिन्यात आतल्या खोलीत एक नवे बाळ आले. अपुऱ्या दिवसांचे, मुठीएवढे. साधी सर्दीसुद्धा त्याच्या छातीत उतरेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्याची आई शाळेत शिक्षिका. रजा संपली होती, दुसरा आधार नव्हता. तिने एकच वचन मागितले.

‘‘आजारी मूल आत घेणार नाही, एवढं सांगा मावशी.’’

‘‘नाही घेणार.’’

पुढच्याच सोमवारी मावशीची सख्खी लेक आपल्या मुलीला खांद्यावर टाकून दारात उभी राहिली. मागे जिन्यात शेठ आणि त्याची आई चढत होती.

‘‘घे गं आई, उशीर झालाय.’’

मावशीने सवयीने नातीचे तोंड हुंगले आणि हात मागे घेतले.

‘‘काय पाजलंस हिला?’’

‘‘रात्री थोडं अंग कोमट होतं. आता बघ, गार आहे.’’

‘‘गार आहे ते औषधानं. मला शिकवतेस? हेच ऐकत माझे केस पिकले.’’

‘‘आई, नोकरीत अजून कायम झाले नाहीये मी. आज गेले नाही तर साहेब घरी बसवतील.’’

‘‘मग काल का नाही बोललीस? काही केलं असतं. आता ऐन वेळी माझ्या गळ्यात टाकतेस. आत ते बाळ आहे.’’

‘‘एका कोपऱ्यात ठेव हिला.’’

‘‘खोकला कोपऱ्यात बसतो का?’’

लेकीचे डोळे भरले; पण आवाज चढला नाही. ‘‘लोकांच्या पोरांना मावशी, आणि मला पाळणाघरवाली. बरं आहे.’’

मावशी दारातून हलली नाही. नातीने ‘आजी’ म्हणून हात पुढे केला, तेव्हा तिने तो क्षणभर धरला, चटका बसल्यासारखा सोडला, आणि लेकीला म्हणाली, ‘‘पाणी पाजत राहा. अंगावर भाराभर कपडे चढवू नकोस.’’

‘‘कळतं मला,’’ म्हणत लेक उतरू लागली.

तिला वाट देण्यासाठी शेठची आई भिंतीला टेकली. मग तिने आपल्या मुलाकडे पाहिले, मावशीकडे पाहिले, आणि ‘‘अगं बाई, डबाच विसरला,’’ असे पुटपुटत, हातातला डबा पदराआड सरकवून तीही त्याला घेऊन उलट पावली उतरली.

हे पाहून मावशीला समाधान वाटले असेल, असे एखाद्याला वाटेल. ती उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘‘म्हणजे हीसुद्धा पाजूनच आणत होती तर, वर बडीशेप चारून वास मारत असेल. आणि मी खुळी त्या पोराला साबण लावायला सांगत बसले.’’

आत बाळ कुरकुरले. तिने वाकून हात धुतले, नखांच्या कडांपर्यंत, आणि त्याला छातीशी घेतले. मोकळ्या हाताने लेकीला फोन लावला. तो कोणी उचलला नाही. ‘‘हट्टी कार्टी,’’ ती म्हणाली, आणि पुन्हा लावला.